सरांची जागी गाडी

लातुरात क्लासेसचे दिवस भरात आले आणि एकेक क्लासवाला वर चढत गेला. खाली दुकानं, वर क्लास, त्याच्यावर होस्टेल अशा इमारती गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. आमचे सर मात्र तळमजला सोडायला तयार नव्हते. इमारतीच्या मालकानं वरचा मोठा हॉल देऊ केला, तर सर म्हणाले, वर गेल्यानं फिजिक्स काही जास्त कळत नाही. मी त्यांच्याकडे बायॉलॉजी शिकवायचे. मी मुखेडकडची, नोकरीपायी लातुरात आलेली. हे उत्तर ऐकून माझं मत झालं की हा माणूस चिकट आहे. चिकट ते नव्हते. विक्षिप्त होते, आणि त्या विक्षिप्तपणाला कारण होतं.

त्यांच्या वर्गाच्या दाराला कडी नव्हती. म्हणजे होती, ती सरांनी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काढून टाकली होती. मुलांनी चपला बाहेर काढायच्या त्या तोंडं रस्त्याकडे करून. एखादा जोड उलटा दिसला तर चालू गणित सोडून सर बाहेर जायचे आणि तो फिरवून यायचे. गळ्यात कायम शिट्टी. दर वर्षी नव्या बॅचला वाटायचं की हे पी.टी.चे सर आहेत, फिजिक्सचे अजून यायचेत. शिट्टी कशाला म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, ढिगाऱ्याखाली माणसाचा आवाज बसतो. शिट्टीचा बसत नाही." एवढं बोलून ते फळा पुसायला लागले. 

"आधी बाहेर, मग बरोबर-चूक," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. जमीन हलली असं नुसतं वाटलं तरी आधी रस्त्यावर यायचं, खरंच हलली का याची चर्चा तिथं करायची, असा त्याचा अर्थ. मुलांनी ते वाक्य आपल्या सोयीनं उचललं होतं. तास रटाळ झाला की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, आधी बाहेर. सर त्याला खरोखरच बाहेर काढायचे.

सरांचं घर माझ्या खोलीच्या समोर, एकाच गल्लीत होतं. घर पक्कं. कॉलम, बीम, लोखंड, सगळं त्यांनी उभं राहून करून घेतलेलं. गवंडी त्यांना इतका वैतागला होता की शेवटी म्हणाला, सर, हे घर पडायचं न्हाई, पण मीच पडंन. आणि एवढ्या घरात सरांची आई एक दिवसही झोपली नव्हती. मी त्यांना मावशी म्हणायचे. मावशींची बाज अंगणात असायची. पावसाळ्यात वर पत्रा, थंडीत दोन वाकळा. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. कुणी स्थळ आणलं की मावशीच मोडता घालायच्या. म्हणायच्या, सून आणून तिला काय अंगणात झोपवू?

बाजेच्या उशाशी एक स्टूल होतं आणि स्टुलावर स्टीलच्या पेल्यांची उतरंड. एकावर एक पालथे घातलेले पेले, जरा धक्का बसला की खळखळून खाली यावेत असे. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात घरोघरी अशा उतरंडी होत्या, मुखेडला आमच्याही घरी होती. वर्ष-दोन वर्षांत लोक विसरले आणि पेले परत स्वयंपाकघरात गेले. मावशींचे पेले मात्र दहा-बारा वर्षांनंतरही तिथंच होते. त्यातून कुणी पाणी पीत नसे. रोज पुसायचे आणि पुन्हा रचायचे.

त्या पेल्यांची गोष्ट मावशींनी मला मेथी निवडताना सांगितली. त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूला. सर तेव्हा शिकायला लातुरात होते. गावातल्या घराच्या भिंती दगडमातीच्या, वर मातीचं जड माळवद. त्या पहाटे म्हैस ओरडली म्हणून मावशी उठल्या आणि त्याच वेळी फळीवरची भांडी किणकिणली. नवऱ्यानं झोपेतच विचारलं, काय वाजलं. मावशी मेथीची काडी मोडत मला म्हणाल्या, "म्या म्हनलं, मांजर हाय, झोपा. आन् बाहीर आले."

त्या गोठ्यापर्यंत पोचल्या आणि मागं घर बसलं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मेथी निवडून झाली होती, ती घेऊन त्या उठल्या.  सरांच्या शिट्टीची मी मनात किती टर उडवली होती ते आठवून मला कसंतरीच झालं.

मग सरांनी गाडी घेतली. क्लास चांगला चालला होता, आणि बाकीचे क्लासवाले केव्हाच गाड्यांतून फिरायला लागले होते. सरांनी घेतली ती मोठी डिझेल गाडी, टर्बोची. शोरूममधल्या पोरानं तिचे सगळे गुण सांगितले, सर ऐकत होते. शेवटी तो अलार्मकडे आला आणि म्हणाला, जरा धक्का लागला तरी ओरडते बघा. सरांनी विचारलं, जमिनीचा धक्का लागला तर? पोरगं हसलं. सर हसले नाहीत. गाडी त्यांनी त्या एका गोष्टीसाठी घेतली, असं माझं आजही मत आहे. गाडी अंगणाच्या कडेला उभी करायची, अलार्म लावायचा आणि आईला सांगायचं, ही रात्रभर जागी आहे, तू आत झोप.

पण टर्बोची गाडी म्हणजे एक वेगळंच लफडं. लांबून पळून आल्यावर ती लगेच बंद करायची नसते. इंजिनात हवा कोंबणारं आतलं टर्बो तापलेलं असतं, इंजिन दोन मिनिटं तसंच चालू ठेवून ते निवू द्यावं लागतं. सरांना तेवढा दम निघत नव्हता. म्हणून गॅरेज लाईनमधल्या रशीदभाईंनी त्यांना टर्बो टायमर बसवून दिला. किल्ली काढली, दार लावलं, माणूस निघून गेला तरी टायमर इंजिन दोन मिनिटं चालू ठेवतो आणि मग आपोआप बंद करतो. रशीदभाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडीलही तेच करत. समजावून सांगायची त्यांना हौस होती. ते म्हणाले, "सर, टायमर कशासाठी असतो? की मालकानं उतरावं आन् बिनधास्त घरात जावं."

अलार्म शोरूमचा आणि टायमर रशीदभाईंचा. दोघांची ओळखदेख नव्हती, आणि तिथंच सगळं बिनसलं.

पहिल्यांदा अलार्म लागेचना. इंजिन चालू आहे म्हणजे किल्ली गाडीतच आहे, मालक आत बसलाय, असं त्याला वाटायचं. सर रिमोट दाबून दाबून थकायचे. ह्याचं उत्तर सरांनाच सापडलं. गाडीत ते स्वतःच्याच तासांच्या कॅसेट ऐकायचे आणि स्वतःच्या चुका काढायचे. एकदा किल्ली काढली तर इंजिन टायमरवर चालू राहिलं आणि टेप मात्र मध्येच बंद पडला. सर तसेच रशीदभाईंकडे गेले. अलार्मची जी तार किल्लीची खबर घेते ती इंजिनाकडून काढून टेपच्या तारेला जोडा म्हणाले. किल्ली निघाली की टेप मरतो, अलार्मला कळतं मालक गेला. रशीदभाईंनी जोडली. अलार्म लागायला लागला.

आणि लागल्या लागल्या बोंबलायला लागला. मालक गेला, दारं बंद आहेत, तरी गाडी थरथरते आहे म्हटल्यावर तो दुसरं काय करणार? इंजिनाच्या थरथरीला तो धक्का समजायचा. पहिल्या दिवशी दिवेलागणीला तो वाजला तेव्हा अख्खी गल्ली रस्त्यावर होती. कणकेचे हात घेऊन बाया, होस्टेलची पोरं हातात पुस्तकं तशीच धरून, आणि मीसुद्धा, एका पायात चप्पल घालून. लातुरात कुठं काही थरथरलं की पाय आधी निघतात. सर मध्ये उभे राहून सगळ्यांची माफी मागत होते आणि आतून खूशही होते, कारण लोक किती झटपट बाहेर येतात ते त्यांना बघायला मिळालं होतं.

हे रोजचंच झालं. सर आले, गाडी लावली, अलार्म बोंबलला. हळूहळू लोक दारापर्यंतच यायला लागले, मग तेही बंद झालं. आतूनच म्हणायचे, सरांची गाडी हाय. मलाही सवय झाली, मी भाजी परततच राहायचे. मावशी बाजेवर बसून हे सगळं बघत होत्या. एका संध्याकाळी मी सरांना पेपर द्यायला गेले होते. अलार्म वाजून थांबला होता. मावशी सरांना म्हणाल्या, "तुजी गाडी खोटं बोलती. बघ, एक बी मानूस उठलं न्हाई. रोज खोटं बोललं की खरं बी मांजरच वाटतंय."

 सरांचा चेहरा असा पडला की पेपर न देताच मी परत आले.

दुसऱ्या दिवशी क्लास मला सांभाळायला सांगून ते रशीदभाईंकडे गेले. अर्ध्या तासाचं काम म्हणाले आणि दिवसभर आले नाहीत. शेवटी मीच बोलवायला गेले. तिथं बॉनेटवर खडूनं आकृती काढलेली, सर आणि रशीदभाई दोघं हमरीतुमरीवर आलेले. सरांचं म्हणणं, अलार्म पहिल्या क्षणापासून जागा पाहिजे, त्याला इंजिनाची थरथर आणि जमिनीची थरथर यातला फरक शिकवा. रशीदभाई म्हणत होते, "सर, ते मशीन हाय, तुमचा विद्यार्थी न्हाई. हललं येवढंच त्याला कळतं. कोण हलवायलंय ते त्याला कळत न्हाई." सर म्हणाले, माझ्या विद्यार्थ्यांनाही कळत नाही. मग दोघं हसले आणि भांडण मिटलं.

तोडगा निघाला तो असा. रिले नावाची एक छोटी डबी असते. तिला टायमरची तार दिली. टायमर चालू असेपर्यंत डबी अलार्मच्या धक्का ओळखणाऱ्या भागाची वीज तोडून ठेवायची आणि इंजिन बंद पडलं की सोडायची. कुणी दार उघडलं तर अलार्म पहिल्यापासून ओरडणार, पण धक्क्यासाठी जागा होणार तो इंजिन बंद पडल्यावरच. जागा झाला की गाडीचे दिवे एकदा लुकलुकायचे. म्हणजे दोघं एकमेकांच्या पायात पाय घालणार नाहीत. रशीदभाईंनी चार वेळा करून दाखवलं. सर लहान पोरासारखे खूश होऊन गाडी घेऊन आले आणि त्यांनी आईला अंगणातच सगळं समजावून सांगितलं. टायमर काय, अलार्म काय, डबी काय, सगळं. फळा नव्हता म्हणून फरशीवर आकृती काढली.

मावशींनी नीट ऐकून घेतलं. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण नेमकं विचारायची सवय सरांना कुठून आली ते त्या दिवशी कळलं. त्या म्हणाल्या, "आन् ती दोन मिंटं? तवर जागं कोन?"

 दोन मिनिटांनी काय होतं, असं सर म्हणू शकले असते. त्या घरात ते वाक्य कुणी म्हणणं शक्य नव्हतं.

तेव्हापासून सर गाडीजवळ उभे राहायला लागले. गाडी लावायची, किल्ली काढायची, दार बंद करायचं आणि बॉनेटवर हात ठेवून उभं राहायचं. दोन मिनिटांनी इंजिन बंद पडायचं, दिवे लुकलुकायचे, मगच सर घरात. पाऊस असो, कुणी पाहुणा ताटकळत असो. गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करायची. रशीदभाईंनी एकदा हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. उभं राहू नये म्हणून टायमर घेतला, टायमर आणि अलार्मची भांडणं मिटवण्यात दिवस घातले, आणि हा माणूस तिथंच उभा. त्यांनी मला विचारलं, मॅडम, सरांना कुणी समजावत का न्हाई? मी म्हटलं, ते पहारा देतात. रशीदभाईंनी मावशींच्या बाजेकडे बघितलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

एवढ्यावरही मावशींचं समाधान नव्हतं. आधी गाडी खोटं बोलायची, आता ती बोलेचना. जिती हाय का मेली कसं कळावं, असं त्यांनी म्हटलं. झालं, सरांच्या दिनक्रमात आणखी एक काम वाढलं. दिवे लुकलुकले की गाडीला एक थाप मारायची, तिनं एकदा केकाटायचं, मग रिमोटनं गप्प करायचं. शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, सर जवळ उभे असताना वाजली तर थाप आहे, कुणी नसताना वाजली तर उठायचं. हा नियम त्यांनी वर्गातही फळ्यावर लिहून मुलांना दिला होता. एका पालकानं वही बघून मला विचारलं की हे नेमकं कुठल्या धड्यात येतं.

दिवाळीच्या सुट्टीत, रविवारी दुपारी, मी त्यांच्या अंगणात पेपर तपासत बसले होते. मावशी सुपात तुरीची डाळ पाखडत होत्या. सर न्हाणीत. एकाएकी गाडी ओरडायला लागली. मी मान वर केली नाही, मला वाटलं सरांनी थाप मारली असेल. मावशींनी सूप ठेवलं आणि गाडीकडे बघितलं.

"तिथं कोन न्हाई," त्या म्हणाल्या. "ऊठ."

माझं मनगट धरून त्यांनी मला फाटकाबाहेर ओढलं. आम्ही रस्त्यावर पोचलो आणि मागं पेले खळखळून खाली आले. पायाखाली काहीतरी घरघरत गेलं, एखादा भरलेला ट्रक शेजारून जावा तसं. मग थांबलं. सर टॉवेल गुंडाळून, डोक्याला साबण आणि गळ्यात शिट्टी अशा अवतारात बाहेर आले आणि शिट्टी फुंकत गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेले. जाण्याची गरज नव्हती, सगळे आधीच बाहेर होते. सुट्टीत घरी न गेलेली होस्टेलची पोरंसुद्धा. नियम सगळ्यांना पाठ होता.

धक्का छोटा होता. कुणाचं काही पडलं नाही, झडलं नाही. तासाभरात लोक हसायला लागले, सरांचा टॉवेल हा गल्लीचा विषय झाला.  मावशींनी मात्र गाडीजवळ जाऊन तिच्या काचेवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पेल्याच्या आधी बोलली ती."  मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

सर कपडे करून क्लासच्या भिंती बघायला गेले ते दिवेलागणीला परतले. मी माझ्या दारात उभी होते, गल्लीत अजून लोक घोळक्यानं बोलत होते. सरांनी गाडी लावली, किल्ली काढली, दार बंद केलं, बॉनेटवर हात ठेवला. इंजिन चालू होतं. सवयीनं त्यांनी बाजेकडे बघितलं. बाज रिकामी होती. वाकळा नव्हत्या. स्टूल होतं, पण त्यावर पेले नव्हते.

मला तिथून सरांचा चेहरा दिसत होता. हा माणूस मी भूकंपाच्या धक्क्यातही इतका घाबरलेला पाहिला नव्हता. तेवढ्यात घरातून मावशींचा आवाज आला. घराच्या आतून, स्वयंपाकघराच्याही पलीकडून. त्या घरातून आलेला त्यांचा आवाज मी त्या दिवसापर्यंत दिवेलागणीला कधी ऐकला नव्हता.

"ये आत. पेल्यात च्या वतलाय, निवायलाय. तेवढी दोन मिंटं मी हाय जागी."

 सरांनी बॉनेटवरचा हात काढला आणि चपला दारात काढून आत गेले. चपलांची तोंडं घराकडेच राहिली.

गाडी अंगणाच्या कडेला एकटीच चालू होती. मी बघत राहिले. थोड्या वेळानं इंजिन आपोआप बंद पडलं आणि दिवे एकदा लुकलुकले. टायमर त्यासाठीच असतो, असं रशीदभाई पहिल्या दिवसापासून सांगत होते.